तारीख एक दिवस मागे, वेळ साडेपाच तास इकडे-तिकडे: जनरेट केलेल्या एपीआय क्लायंटमधला नेहमीचा बिघाड

लक्षणं

द्राक्षांची काढणी १४ फेब्रुवारीची. पॅकहाउसच्या स्क्रीनवर निवडलेली तारीखही १४. एपीआय क्लायंटमधून, म्हणजे आपली माहिती समोरच्या सर्व्हरला पाठवणाऱ्या कोडमधून, आयातदाराच्या सर्व्हरवर मात्र १३ फेब्रुवारी पोचते. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं लक्षण हेच. कधी ते प्रत्येक नोंदीत दिसतं, कधी फक्त मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात केलेल्या नोंदींत. तुमच्याकडे दोन्हींपैकी कोणतं दिसतंय ते आधी कागदावर लिहून ठेवा. पुढे त्यावरूनच चूक कुठे आहे ते कळतं.

वेळेच्या फील्डमध्ये हाच आजार साडेपाच तासांच्या फरकानं दिसतो. बरोब्बर साडेपाच तास म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवरून आपल्या वेळेत आणणं एकदा राहून गेलं, किंवा एकदा जास्त झालं. अकरा तासांचा फरक असेल तर साडेपाच मिळवायच्या जागी वजा झालेत. फरकाचा आकडा मोजल्याशिवाय कोड उघडू नका. अर्धं निदान त्या आकड्यातच असतं.

एका तासाचा फरक, आणि तोही वर्षातले काही महिनेच, हा युरोपशी व्यवहार असणाऱ्यांचा त्रास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. २०२५ मध्ये तो मार्चमधला रविवार ३० तारखेला होता. म्हणजे ऐन द्राक्ष हंगामात. त्या दिवसापर्यंत नेदरलँड्स आपल्या साडेचार तास मागे, त्यानंतर साडेतीन. जानेवारीत नीट चाललेला कोड एप्रिलमध्ये चुकू लागला तर कुणीतरी ‘अधिक एक तास’ असा आकडा कोडमध्ये कोरून ठेवलाय असं समजा.

तेवीस मिनिटांचा फरक पाहून लोक गोंधळतात, पण त्याचं कारण ठरलेलं आहे. पायथॉनमध्ये पायटीझेड लायब्ररीचा कोलकाता झोन थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोत दिला, की ती साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटं धरते. ही कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ आहे. तिथे लोकलाइझ हे फंक्शन वापरायचं असतं, नाहीतर सरळ झोनइन्फो या लायब्ररीकडे जायचं. ते पायथॉन ३.९ पासून भाषेतच आहे.

१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच: किंमत शून्य किंवा रिकामी आली आणि ती तारीख म्हणून वाचली गेली. २१ जानेवारी १९७०: सर्व्हरनं सेकंद पाठवले, क्लायंटनं ते मिलिसेकंद समजून वाचले. वर्ष ०००१: गो भाषेतली न भरलेली वेळ तशीच पुढे गेली. ही तीनही लक्षणं टाइमझोनची नाहीत. ती दिसली तर खालच्या यादीत तिसरी तपासणी गाळून थेट चौथीवर जा.

शेवटचं लक्षण म्हणजे सरळ एरर. जावात ‘इंडेक्स १९ वर वाचता आलं नाही’ असा संदेश येतो. तारीख आणि वेळ मिळून १९ अक्षरं होतात, त्यापुढे ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, हवा होता आणि तो नव्हता. पायथॉनमध्ये ऑफसेट असलेली वेळ आणि नसलेली वेळ यांतली आधीची कोणती हे बघायला गेलं की तो ठाम नकार देतो. एरर आली तर बरं समजा. गुपचूप एक दिवस खाणाऱ्या कोडपेक्षा ओरडणारा कोड चांगला.

एक दिवसाची किंमत

मी नाशिकमध्ये पॅकहाउस आणि निर्यातदारांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. काढणीची तारीख, पॅकिंगची वेळ, कंटेनर भरल्याची वेळ, बंदरात पोचण्याचा अंदाज, हे सगळं परदेशी आयातदारांच्या सर्व्हरना पाठवायचं असतं. त्यासाठीचा क्लायंट हातानं लिहीत नाही. समोरच्यांनी दिलेल्या ओपनएपीआय स्पेकमधून, म्हणजे एपीआयच्या ठरावीक साच्यातल्या वर्णनातून, जनरेटर नावाच्या साधनानं तो तयार करून घेतो. गेल्या काही हंगामांत वेगवेगळ्या भाषांमधल्या क्लायंटमध्ये हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय, की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेलाय.

पहिल्यांदा तो भेटला तेव्हा दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसमधून पहाटे फोन आला. सुपरवायझर म्हणाले, “दादा, माल कोल्ड स्टोरेजला उभाय आणि तिकडची सिस्टीम लॉटच घेत नाहीये.” द्राक्षात शेवटची फवारणी आणि काढणी यांत औषधाप्रमाणे ठरावीक दिवस जावे लागतात. बागायतदार त्याला पीएचआय म्हणतात. शेतकऱ्यानं ते दिवस मोजून पाळले होते. आमच्या क्लायंटनं काढणीची तारीख एक दिवस अलीकडची पाठवली, अंतर एका दिवसानं कमी भरलं आणि समोरच्या सर्व्हरनं लॉट अडवला. शेतकऱ्यानं इमानेइतबारे पाळलेला एक दिवस आमच्या कोडनं खाल्ला होता. त्या दिवसापासून तारखेच्या फील्डकडे मी ‘किरकोळ’ म्हणून बघितलेलं नाही.

त्या रात्री घाईत केलेली दुरुस्तीही चुकीची होती. पाठवण्याआधी साडेपाच तास मिळवणारं एक छोटं फंक्शन लिहिलं. काढणीची तारीख बरोबर जाऊ लागली. आठवड्यानं तेच फंक्शन दुसऱ्या कुणीतरी कंटेनर भरल्याच्या वेळेलाही लावलं. ती वेळ आधीच बरोबर जात होती. आता ती साडेपाच तास भविष्यातली झाली आणि समोरून ‘भविष्यातली वेळ चालणार नाही’ म्हणून नोंदी परत येऊ लागल्या. तुमच्या कोडमध्ये कुठेही साडेपाच, ३३० मिनिटं किंवा १९८०० सेकंद असा आकडा सापडला, तर तिथे कुणीतरी मूळ कारण न शोधता ठिगळ लावलंय. ते ठिगळ काढूनच पुढच्या तपासण्या करा, नाहीतर प्रत्येक निष्कर्ष फसवा निघेल.

तपासणी १: वायरवरून, म्हणजे नेटवर्कवरून, नेमकं काय गेलं?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. ब्राउझर असेल तर नेटवर्क टॅब उघडा, सर्व्हरवरचा क्लायंट असेल तर कर्ल या कमांडनं रिस्पॉन्स घ्या, आणि कच्चा मजकूर बघा. डीबगर नको, कन्सोलवर छापलेली तारीख नको, डेटाबेसच्या खिडकीतला कॉलमही नको. ही तिन्ही साधनं दाखवताना आपापल्या मनानं वेळ बदलतात. जावास्क्रिप्टची तीच तारीख क्रोमचा कन्सोल तुमच्या स्थानिक वेळेत दाखवतो आणि नोड यूटीसीत. दोघं शेजारी ठेवून बसलेले लोक तासभर नसलेला फरक शोधत राहतात.

कच्च्या मजकुरात अक्षरं मोजा. ‘२०२५-०२-१४’ ही दहा अक्षरं, म्हणजे नुसती तारीख. ‘२०२५-०२-१४टी०९:३०:००झेड’ यात शेवटचा झेड सांगतो की ही वेळ यूटीसी आहे. झेडच्या जागी ‘+०५:३०’ असेल तरी उत्तम. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ती वेळ कुठली हे त्या मजकुरातून कुणालाच सांगता येणार नाही, आणि चूक पाठवणाऱ्याची आहे. आरएफसी ३३३९ हे मानक २००२ सालचं, आणि ओपनएपीआयमधलं ‘डेट-टाइम’ त्यावरच बेतलेलं आहे. त्यात ऑफसेट सक्तीचा आहे. काही जावा सर्व्हर वेळेच्या शेवटी चौकटी कंसात झोनचं नावही जोडून पाठवतात. आरएफसी ३३३९ पुरतंच समजणारा क्लायंट त्यावर अडतो.

पाठवताना मजकूर बरोबर गेला असेल तर तुमचा क्लायंट सुटला. पुढचा प्रश्न सर्व्हरच्या बाजूचा आहे, आणि ही तपासणी आधी केली म्हणून तुमचा एक दिवस वाचला.

तपासणी २: ही तारीख आहे की क्षण?

हा प्रश्न कोडचा नाही. त्यामुळेच तो सगळे सोडून देतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक बिघाडांचं मूळ इथेच निघतं.

सिंहस्थातल्या पर्वणीची तारीख घ्या. रामकुंडावर स्नान ज्या तारखेला, ती तारीख न्यू जर्सीतल्या नाशिककराच्या फोनवरही तीच दिसली पाहिजे. तिकडे आदल्या दिवशीची रात्र आहे म्हणून पर्वणी एक दिवस अलीकडे येत नाही. ही तारीख. उलट, कंटेनरचं सील लागलं तो क्षण. नाशिकमध्ये दुपारचे दोन, तर रॉटरडॅममध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ. आकडे वेगळे, क्षण एकच. जन्मतारीख, काढणी, बिलाची तारीख, एक्सपायरी या तारखा. पॅकिंग सुरू, सील लागलं, पैसे जमा झाले हे क्षण.

दिवस कधी बदलतो हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे, हे आपल्याला खरं तर नव्यानं शिकायला नको. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरवर मध्यरात्री. यूटीसीचा दिवस नाशिकमध्ये पहाटे साडेपाचला उजाडतो. तुमचा कोड यूटीसीच्या दिवसानं तारीख कापत असेल, तर साडेपाचच्या आधी केलेली प्रत्येक नोंद कालच्या खात्यात पडते. रात्रपाळीत पॅकिंग चालणाऱ्या ठिकाणी म्हणूनच हा बिघाड आधी दिसतो, आणि दिवसपाळीच्या ऑफिसात बसून तपासणाऱ्याला तो सापडत नाही.

आता स्पेक उघडा. त्या फील्डसमोर ‘डेट’ लिहिलंय की ‘डेट-टाइम’? काढणीच्या तारखेला ‘डेट-टाइम’ लावलेलं असेल तर जनरेटर कितीही चांगला असो, तो तुमच्या तारखेला एक खोटी मध्यरात्र चिकटवणारच. फॉरमॅटच दिलेला नसेल तर ती नुसती स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, आहे आणि दोन्ही बाजू आपापला अर्थ लावतायत. स्पेक वायएएमएलमध्ये असेल तर उदाहरणातली तारीख अवतरणचिन्हांत आहे ना तेही बघून घ्या. नसेल तर काही पार्सर तिलाच वेळ समजतात आणि कागदपत्रांत तिच्यामागे शून्य वाजल्याची शेपटी उगवते.

एक तिसरा प्रकारही असतो: ‘दर सोमवारी रॉटरडॅमच्या वेळेनं सकाळी नऊ वाजता’. तिथे ऑफसेट पुरत नाही, कारण तो मार्चमध्ये बदलतो. झोनचं नाव, म्हणजे युरोप/ॲमस्टरडॅम, वेगळ्या फील्डमध्ये साठवावं लागतं.

तपासणी ३: टाइमझोन बदलून तोच कोड चालवा

हीसुद्धा फुकट आहे, पण इथे थोडं थांबून विचार करावा लागतो. नोडमध्ये प्रोसेस सुरू करण्याआधी टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलता येतो, जावात यूजर-टाइमझोन ही प्रॉपर्टी. तोच कोड तीनदा चालवा: यूटीसी, आशिया/कोलकाता आणि अमेरिका/लॉस एंजेलिस.

तीन का? कारण या बिघाडाची दोन रूपं आहेत आणि त्यांतलं एक आपल्याला नाशिकमध्ये बसून दिसूच शकत नाही.

जावास्क्रिप्टला नुसती ‘२०२५-०२-१४’ अशी स्ट्रिंग दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचली जाते. पुढे वेळ असेल पण ऑफसेट नसेल, तर तीच भाषा ती स्थानिक वेळ मानते. सर्व्हरकडून तारीख आली, ती यूटीसी मध्यरात्र झाली, आणि स्क्रीनवर स्थानिक वेळेत दाखवली. नाशिकमध्ये ते १४ तारखेचे पहाटेचे साडेपाच. तारीख १४, सगळं छान. लॉस एंजेलिसमध्ये मात्र ते १३ तारखेचे दुपारचे चार. म्हणजे वाचतानाची चूक यूटीसीच्या पश्चिमेकडच्या लोकांना दिसते, आपल्याला नाही.

लिहिताना उलटं होतं. कॅलेंडरवर १४ निवडली की बहुतेक डेट पिकर स्थानिक मध्यरात्र देतात. तिचं यूटीसी करा: १३ फेब्रुवारी, संध्याकाळचे साडेसहा. त्यातली पहिली दहा अक्षरं कापली की १३. ही चूक पूर्वेकडच्यांना दिसते आणि कॅलिफोर्नियातल्या माणसाला कधीच नाही, कारण त्याची मध्यरात्र यूटीसीत त्याच दिवशी सकाळी पडते. परदेशी टीम “आमच्याकडे तर चालतं” म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते. वाद घालत बसू नका, तीन झोनचे निकाल पाठवा.

सुरुवातीला लिहून ठेवायला सांगितलं ते आता काढा. प्रत्येक नोंद मागे जात असेल तर डेट पिकरच्या मध्यरात्रीची गोष्ट आहे. फक्त पहाटेच्या नोंदी मागे जात असतील तर कुणीतरी ‘आत्ता’ची वेळ घेऊन तिची तारीख कापतंय. लॅपटॉपवर चुकतं आणि सर्व्हरवर चालतं, किंवा उलट, यामागचं कारणही हेच असतं. क्लाउडवरची बहुतेक मशीन यूटीसीवर असतात, आपले लॅपटॉप नसतात.

तपासणी ४: जनरेट झालेला कोड वाचा, पण हात लावू नका

त्या मॉडेलची फाइल उघडा आणि दोनच ओळी शोधा: जेसनमधून, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या मजकुराच्या साच्यातून, आत येताना काय होतं, आणि जेसनमध्ये बाहेर जाताना काय होतं.

ओपनएपीआय जनरेटरच्या टाइपस्क्रिप्ट-फेच प्रकारात ‘डेट’ फील्डला जावास्क्रिप्टचा डेट टाइप मिळतो. आत येताना न्यू डेट, बाहेर जाताना टू-आयएसओ-स्ट्रिंग आणि पहिली दहा अक्षरं. वर सांगितलेल्या दोन्ही चुका या दोन ओळींत आहेत. त्याच जनरेटरचा टाइपस्क्रिप्ट-ॲक्सिओस प्रकार तारखेला स्ट्रिंगच ठेवतो, त्यामुळे एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेलेल्या टीममध्ये हा बिघाड अचानक उगवतो किंवा अचानक नाहीसा होतो. जावाचा डीफॉल्ट चांगला आहे: तारखेला लोकलडेट, क्षणाला ऑफसेटडेटटाइम. एनस्वॅग या दुसऱ्या जनरेटरच्या सी-शार्प क्लायंटमध्ये नुसत्या तारखेलाही डेटटाइमऑफसेट मिळतो, तो बदलून घ्यावा लागतो. डार्टमध्ये वेगळी पंचाईत: स्थानिक वेळेची आयएसओ स्ट्रिंग काढली तर तिच्यात ऑफसेटच येत नाही. डार्टमधल्या फ्लटर ॲपवरून आलेल्या वेळा सर्व्हरनं यूटीसी समजून घेतल्या असतील तर आधी तिथे बघा.

हात का लावायचा नाही ते उघड आहे. पुढच्या जनरेशनला तुमची दुरुस्ती पुसली जाईल, आणि ती कधी पुसली गेली ते महिनाभर कुणाला कळणार नाही. द्राक्षाच्या हंगामात महिना म्हणजे फार.

तपासणी ५: जनरेटरचं कन्फिग

खरी दुरुस्ती बहुतेक वेळा इथेच होते. तत्त्व सोपं आहे. भाषेत तारीख आणि क्षण यांचे वेगळे टाइप असतील तर ते वापरा. नसतील तर तारखेला स्ट्रिंगच राहू द्या.

जावात डेट-लायब्ररी हा पर्याय तपासा. ‘जावा८-लोकलडेटटाइम’ कुणी निवडला असेल तर क्षणांचा ऑफसेट तिथेच गळून पडतोय. साधा ‘जावा८’ ठेवा. डॉटनेट ६ पासून डेटओन्ली आहे, तारखेसाठी तोच योग्य. टाइपस्क्रिप्टमध्ये टाइप-मॅपिंग देऊन ‘डेट’चं स्ट्रिंग करा. ब्राउझरांमध्ये येऊ लागलेल्या टेम्पोरलमध्ये प्लेनडेट आणि इन्स्टंट असे दोन वेगळे टाइप आहेत. जावास्क्रिप्टला ते आधीपासून हवे होते.

कन्फिग बदलल्यावर पुन्हा जनरेट करा आणि गिटमधला फरक ओळ न् ओळ वाचा. टाइप बदलला म्हणजे आतलं रूपांतरही गेलं असं धरून चालू नका, दोन्ही ओळी डोळ्यांनी बघा. जनरेटरची व्हर्जनही प्रोजेक्टमध्ये पक्की करून ठेवा. ‘लेटेस्ट’ लिहून ठेवलं तर एखाद्या सोमवारी बिल्ड नवा कोड घेऊन येईल.

मग एक छोटी टेस्ट लिहा: स्ट्रिंग आत घ्या, बाहेर काढा, जशीच्या तशी आली पाहिजे. १४ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर आणि युरोपची घड्याळं बदलतात तो रविवार, अशा तीन किमती. सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत, ती टेस्ट तपासणी ३ मधल्या तिन्ही झोनमध्ये चालवा. ही टेस्ट जनरेट केलेल्या फोल्डरच्या बाहेर ठेवायची, हे विसरू नका.

तपासणी ६: चालताना वापरली जाणारी लायब्ररी

जनरेट केलेला कोड बरोबर असूनही जेसन वाचणारी लायब्ररी घोळ घालू शकते. जावाच्या जॅक्सन २ मध्ये दोन सेटिंग बघा. तारखा टाइमस्टॅम्प म्हणून लिहिण्याचं सेटिंग मुळात चालू असतं, त्यामुळे तारीख ‘वर्ष, महिना, दिवस’ अशा आकड्यांच्या यादीसारखी जाते. आणि आलेला ऑफसेट स्वतःच्या झोनला जुळवून घेण्याचं सेटिंगही चालू असतं, त्यामुळे ‘+०५:३०’ आलं तरी हातात यूटीसी पडतं. क्षण तोच राहतो, पण त्यावरून पुढे कुणी तारीख काढली तर ती चुकते. पायथॉनमध्ये ३.११ च्या आधीचं फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट शेवटचा झेड वाचत नाही. स्विफ्टचा आयएसओ फॉरमॅटर सेकंदांचे दशांश सांगितल्याशिवाय घेत नाही, म्हणून सर्व्हरनं एके दिवशी मिलिसेकंद पाठवायला सुरुवात केली की आयफोनवरचं ॲप बंद पडतं. गोमध्ये न भरलेली वेळ गाळायला ओमिटएम्प्टी पुरत नाही. १.२४ पासून ओमिटझीरो आहे, त्याआधी पॉइंटर वापरा.

तपासणी ७: झोनची माहिती मशीनवर आहे का?

अल्पाइनसारख्या हलक्या कंटेनर इमेजमध्ये टीझेडडेटा, म्हणजे झोनच्या माहितीचा संच, नसतो. गोसाठी तो बायनरीतच घालता येतो, १.१५ पासून. विंडोजवर पायथॉनला तो पॅकेज म्हणून द्यावा लागतो. नावांचाही घोळ असतो. क्रोम आपल्या झोनचं नाव आशिया/कलकत्ता असं जुनंच सांगतो, विंडोज ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणतं. आशिया/कोलकाता धरून तिन्ही एकच आहेत. नावांची सरळ तुलना करणारा कोड असेल तर तो चुकणार. आणि ‘आयएसटी’ हे तीन अक्षरी नाव पाठवायच्या कुठल्याही मजकुरात घालू नका. आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात.

तपासणी ८: डेटाबेस

इथवर पोचलात तर काम अवघड आहे. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसह असलेला टाइमस्टॅम्प कॉलम प्रत्यक्षात झोन साठवत नाही, तो क्षण यूटीसीत साठवतो आणि दाखवताना सेशनच्या झोनमध्ये बदलतो. टाइमझोन नसलेला कॉलम जे दिलं ते तसंच ठेवतो. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प आणि डेटटाइम यांत साधारण हाच फरक आहे. कॉलम चुकीचा, ड्रायव्हरचा सेशन झोन वेगळा आणि क्लायंट तिसराच, असं असेल तर दोन चुका एकमेकींना झाकतात. त्यांतली एक दुरुस्त केली की दुसरी उघडी पडते. नुसत्या तारखेचा कॉलम ‘डेट’ टाइपचाच असला पाहिजे, यात तडजोड नको.

कुठे थांबायचं

जुन्या नोंदी चुकीच्या साठल्या असतील तर तिथे थांबा. सगळ्या ओळींना साडेपाच तास मिळवणारी एक अपडेट क्वेरी चालवण्याचा मोह होतो. ती चालवू नका. काही नोंदी ठिगळाआधीच्या, काही नंतरच्या, काही दुसऱ्या ॲपमधून आलेल्या असतात. कोणती कुठली हे वेळेकडे बघून कळत नाही. बॅकअप घ्या आणि डेटाबेसचं काम रोज करणाऱ्या माणसाला बोलवा. लॉग आणि डिप्लॉयमेंटच्या वेळा जुळवून नोंदींचे गट पाडणं हे त्याचं काम आहे.

चुकीची तारीख कागदावर गेली असेल, म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, निर्यातीचं बिल किंवा जीएसटीच्या विवरणात, तर कोड दुरुस्त करून ते मिटत नाही. निर्यातदाराला त्याच दिवशी सांगा. पुढचं त्यांचे सीए आणि कस्टम्सचं काम बघणारे एजंट ठरवतील. लपवलं तर भुर्दंड शेतकऱ्यावर येतो.

कच्चा मजकूर बघून चूक समोरच्या सर्व्हरची निघाली तर तुमच्या क्लायंटमध्ये ती झाकू नका. त्यांनी सुधारणा केली की तुमचं झाकण उलटं पडेल. त्यांच्या एपीआय टीमला लिहा. आणि कन्फिगनं भागत नाही, जनरेटरचे टेम्प्लेटच बदलावे लागणार, शिवाय त्या स्पेकमधून तीन-चार भाषांचे क्लायंट निघतात असं असेल, तर तो जनरेटर आतून ओळखणारा माणूस शोधा. अर्धवट बदललेलं टेम्प्लेट सांभाळणं मूळ बिघाडाहून महाग पडतं.

कुणालाही बोलवा, पण त्यांच्यासमोर हे तयार ठेवा: रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सचा कच्चा मजकूर, स्पेकमधली त्या फील्डची व्याख्या, जनरेटरचं नाव, व्हर्जन आणि कन्फिग, तिन्ही झोनमधले निकाल, आणि दोन नोंदी. एक दुपारी केलेली, एक पहाटे साडेपाचच्या आधीची.